‘निवांत’चा नमुना लेख

मी लोकांच्या ब्लॉगसाठी थीम बनवतो आणि फुकट वाटतो. हे वाक्य आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं दोनच प्रश्न विचारले. आधी, “म्हणजे काय?” आणि ते समजावून झालं की, “मग फुकट का?” पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लिहिणारा माणूस लिहितो. शीर्षक केवढं, ओळींत अंतर किती, जुन्या लेखांची यादी बाजूला कशी दिसेल, हे थीम ठरवते. मजकूर त्यांचा, कपडे माझे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अकरा वर्षांत सापडलेलं नाही. बायकोला सापडलंय. ती म्हणते, “विकत कोणी घेणार नाही म्हणून.”

दिवसा मी पाणीपुरवठा खात्यात अर्जांचे नमुने आखतो. नळजोडणीचा अर्ज, नाव बदलण्याचा अर्ज, तक्रारीचा अर्ज. त्यात ‘इतर कारण असल्यास’ याच्यापुढे जी अर्ध्या इंचाची रेघ असते, ती माझी. लोकांची कारणं त्या रेघेत कधीच मावत नाहीत, मग ते समासात चढतात, पाठीमागे जातात, आणि मला मनातल्या मनात शिव्या घालतात. पण अर्ज कोणीतरी माणूस आखतो हे कोणाच्या गावीही नसतं. कुठंतरी आपलं नाव असावं, ही भूक मला तिथूनच लागली असणार.

म्हणून प्रत्येक थीमच्या तळाशी मी बारीक अक्षरांत एक ओळ टाकतो : ‘रचना : धाकटा’. घरात मला धाकटाच म्हणतात, इंटरनेटवरही मी तेच नाव घेतलं. थीमबरोबरच्या सूचनेत हात जोडून लिहितो की, बाकी काही नको, एवढी ओळ राहू द्या. लोक थीम उतरवून घेतात आणि सगळ्यात आधी ती ओळ काढतात. ‘निवांत’ नावाची माझी थीम साडेसहाशे जणांनी घेतली. एकोणीस जणांनी ओळ ठेवली, आणि त्यातल्या निम्म्यांना ती काढता आली नसावी.

या मंडळींना बायको माझे जावई म्हणते. घ्यायचं, वर रुसायचं, आणि आपण त्यांच्यापुढे हात बांधून उभं राहायचं. “जावयाचं पत्र आलंय वाटतं,” ती माझा चेहरा बघून म्हणते. “काय दुखतंय त्याचं?” मी सांगतो, मोबाइलवर शीर्षक तुटतंय. “अगं बाई! मग जेवण राहू दे, तू जा.” आणि मी खरंच जातो, हे सगळ्यात वाईट.

आता ताई. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. पुस्तकांची बांधणी करते. फाटलेली, पाठ निखळलेली, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं लोक तिच्याकडे आणतात आणि ती ती पुन्हा उभी करते. तिच्या घरातली पुढची खोली म्हणजे तिचं दुकान : मोठं टेबल, लोखंडी दाबयंत्र, खळीची वाटी, आणि अंबाड्यात कायम खोचलेली पेन्सिल. दोघंही आम्ही दुसऱ्यांच्या मजकुराला कपडे शिवतो, असं मी एकदा कौतुकानं म्हणालो होतो. ताई म्हणाली, “माझे उसवत नाहीत.”

तिचा एक नियम आहे. जुन्या पुस्तकांत लोक काय काय ठेवून विसरतात : तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, पत्रं, वाळलेली पानं. बांधणी सोडवताना जे निघेल ते ताई एका खाकी पाकिटात घालते, पाकिटावर लिहिते, ‘आत सापडलं. मालकास परत.’ आणि पुस्तकाबरोबर देऊन टाकते. त्यातलं अक्षरही वाचत नाही. एकदा एका गृहस्थानं पाकीट हातात घेऊन डोळा बारीक करून विचारलं, “वाचलंत की काय?” ताई एवढी चिडली की तिनं त्याचं पुढचं पुस्तकच घेतलं नाही. “मी पानं शिवते,” तिनं त्याला सांगितलं, “वाचत नाही.”

तर ही ताई माझ्याशी दीड वर्ष बोलत नव्हती. कारण सांगताना आजही कान गरम होतात.

आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती ताईकडेच राहते. ताईनं सकाळी फोन केला, उद्या शस्त्रक्रिया आहे, ये. मी म्हणालो, निघतोच. पिशवीही भरली. पण त्याच सकाळी मी ‘निवांत’ची सुधारित आवृत्ती सोडली होती, आणि कबुतरं पाळणाऱ्या एका गृहस्थांचं पत्र आलं की फोनवर त्यांचा साइडबार, म्हणजे बाजूची ती जुन्या लेखांची यादी, खाली घसरतोय. म्हटलं, एवढं करून निघू. ते करताना दुसरं बिघडलं. दुसरं करताना तिसरं. मी पोचलो तेव्हा आई वॉकर धरून दारापर्यंत चालून दाखवत होती. ताई खुर्चीवर बसली होती, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिनं मला फार शांतपणे विचारलं, “तिकडे असं काय मोडलं होतं रे?”

आणि मी खरं उत्तर दिलं. मी म्हणालो, “साइडबार.”

माणसाला खोटं बोलता यायला हवं, निदान अशा वेळी तरी. ताई म्हणाली, “परक्याचं दुखणं तुला लगेच ऐकू येतं.” ते तिचं शेवटचं वाक्य. त्यानंतर मी दर रविवारी आईला फोन करायचो. फोन ताई उचलायची, माझा आवाज ऐकायची, आणि “आई, तुझा,” म्हणून फोन पुढे करायची. दीड वर्षात माझ्या वाट्याला ताईचे हे दोन शब्द आले. जायचं माझ्यानं होत नव्हतं. दारातूनच परत पाठवलं तर, या भीतीनं मी दर महिन्याला नवीन कारण शोधायचो. माझी सगळी इतर कारणं त्या अर्ध्या इंचात आरामात मावली असती.

इथपर्यंतचा मूर्खपणा घरातल्या घरात होता. पुढचा मी साडेसहाशे ठिकाणी वाटला.

थीमबरोबर एक नमुना लेख द्यावा लागतो. थीम बसवली की तो आपोआप ब्लॉगवर येतो, म्हणजे माणसाला कळतं, शीर्षक असं दिसेल, परिच्छेद असा, यादी अशी, कोणाचं बोलणं वेगळं काढून दाखवायचं तर ते असं. मग त्यानं तो खोडायचा आणि आपलं लिहायचं. बहुतेक लोक तिथं काहीतरी निरर्थक मजकूर भरतात. मला ते जमत नाही. अक्षरं खोटी असली की मला ओळीही खोट्या दिसतात. पहिल्या थीममध्ये मी आमच्या खात्याची जाहीर सूचना टाकली होती : ‘उद्या दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील.’ एका फुलवाल्यानं ती तशीच ठेवली, आणि त्याच्या तीन गिऱ्हाइकांनी घरातली सगळी भांडी भरून ठेवली. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की खरा मजकूर पुन्हा कधी नाही.

‘निवांत’ची पुढची आवृत्ती आखताना तो खडा कुठं गेला कोण जाणे. रविवारची दुपार होती, आईशी नुकताच फोन झाला होता, कानात “आई, तुझा” होतं. मला एक लेख हवा होता ज्यात मथळा असेल, दोन परिच्छेद असतील, आकड्यांची यादी असेल आणि कोणाचं तरी बोललेलं वाक्य असेल. आणि माझ्याकडे तसा एकच मजकूर तयार होता. मी बसल्या बैठकीला लिहून काढला. मथळा : ‘ताई, चुकलं माझं’. मध्ये तिचं ते परक्याच्या दुखण्याचं वाक्य, वेगळं काढून, तिरप्या अक्षरांत. आणि खाली यादी :

१. तू फोन केलास तेव्हा ‘निघतोच’ म्हणालो आणि निघालो नाही.
२. पुन्हा केलास तेव्हा ‘वाटेत आहे’ म्हणालो. मी खुर्चीत होतो.
३. तीन दिवस उशिरा आलो.
४. आलो तो लॅपटॉप घेऊन आलो.
५. ‘साइडबार’ म्हणालो.
६. त्यानंतर आईला फोन केले, तुला एकही केला नाही.

यादी फार सुरेख बसली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच डोळ्यांनी मी आकडे आणि अक्षरं यांच्यातलं अंतर दोन बिंदूंनी कमी करत होतो. सोडण्याआधी हा मजकूर काढून दुसरा टाकायचा असं ठरवलं होतं. दुसरा लिहिलाही, झाडांना पाणी घालण्याबद्दल. फाइलींची नावं होती ‘नमुना-शेवटचा’ आणि ‘नमुना-शेवटचा-नवा’. लोक उतरवून घेतात त्या झिपमध्ये कुठली गेली ते तुम्ही ओळखलंच असेल.

मला पंधरा दिवसांनी कळलं. आपले कपडे कोणी कसे घातलेत ते बघत हिंडण्याची मला खोड आहे. जेवणाच्या सुट्टीत एका दातांच्या डॉक्टरांचा ब्लॉग उघडला. वर हसरा दात, त्याखाली दवाखान्याच्या वेळा, आणि त्याखाली : ‘ताई, चुकलं माझं’. घास हातातच राहिला. पुढचा ब्लॉग गणिताच्या शिकवणीचा, तिथंही तेच. डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळाचाही माफीनामा होता, तोही सहा मुद्द्यांसह. माझी तळाची ओळ सगळ्यांनी न चुकता काढली होती. माझी माफी मात्र कोणीही काढली नव्हती.

वर लोकांच्या प्रतिक्रिया. डॉक्टरांना कोणीतरी लिहिलं होतं, ‘तुमची सवयच आहे. माझ्या दाढेच्या वेळीही अर्धा तास बसवून ठेवलंत.’ शिकवणीच्या सरांना एका पालकांनी सुनावलं होतं, ‘मुलांपुढे हाच आदर्श ठेवणार का?’ साइडबार म्हणजे कोण, असंही एकानं विचारलं होतं. आणि झाडून सगळे ताईच्या बाजूनं होते. एकालाही माझी दया आली नाही.

मी एकेकाला पत्रं लिहायला घेतली की कृपया तो लेख काढा. डॉक्टरांचं उत्तर आलं, ‘तो काढता येतो? मला वाटलं थीमबरोबर तो ठेवावाच लागतो.’ हात जोडून मागितलेली ओळ मात्र त्यांनी काढून टाकली होती, हे मी पुन्हा सांगत नाही. शोभेचे मासे विकणाऱ्या एकानं साफ नकार दिला. त्यानं लिहिलं, ‘साहेब, ते वाचून माझी बहीण चार वर्षांनी घरी आली. आता ते काढलं तर ती काय म्हणेल?’

हे पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती हसत सुटली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. “म्हणजे तुझी माफीसुद्धा जावयाच्याच कामाला आली,” ती म्हणाली. “आता एकदा स्वतः वापरून बघ.”

मी बघितली नाही. रविवारी आईला फोन केला. “आई, तुझा,” झालं. मग आई म्हणाली, “अरे, ताईनंही ब्लॉक का काय ते काढलंय. पुस्तकांच्या बांधणीचं. ग्रंथपाल येतात ना तिच्याकडे, त्यांनी लावून दिलं. तुझंच काहीतरी आहे म्हणे त्यात, खाली तुझं नाव होतं. निवांत.”

ताईसारखी मानी बाई. आपल्या घरातलं भांडण साडेसहाशे दारांवर टांगलेलं तिनं बघायचं, तेही माझ्या हातचं, तेही यादीच्या नमुन्यासाठी. आता ‘आई, तुझा’सुद्धा मिळणार नव्हतं. त्या दुपारी मी लेख काढून नवी आवृत्ती सोडली. पण आधीच बसलेला लेख त्यानं जात नाही, तो ज्याचा त्यानंच काढायचा असतो. हे मीच सूचनेत लिहिलंय, जी कोणी वाचत नाही.

धीर करून ताईचा ब्लॉग उघडला. लेख नव्हता. साडेसहाशे जणांत सूचना वाचून नमुना लेख व्यवस्थित काढणारी एकच व्यक्ती निघाली. त्याच्या जागी तिनं लिहिलं होतं, ‘निखळलेली पाठ घरी चिकटवू नका.’ खाली ‘रचना : धाकटा’ ही ओळ होती, जागेवर. एरवी मी नाचलो असतो. पण मला समोर फक्त रिकामी जागा दिसत होती, जिथून तिनं मला उचलून बाजूला केलं होतं.

चार दिवसांनी टपालानं खाकी पाकीट आलं. वर ताईचं अक्षर : ‘आत सापडलं. मालकास परत.’

म्हणजे गिऱ्हाइकाचं करते तसं. छापून, घडी घालून, न वाचता, परत. मी ते पाकीट फ्रीजवर ठेवलं. बायको म्हणाली, उघड की. मी म्हणालो, “उघडून काय करू? माझंच लिहिलेलं आहे. पाठ आहे मला, गावभर लागलंय.” तीन दिवस ते तिथंच होतं. दूध काढताना दिसायचं, ठेवताना दिसायचं. मला फार वाईट वाटत होतं आणि मी ते कोणाला सांगत नव्हतो, फक्त दार जोरात लावत होतो.

रविवारी आईनं विचारलं, “पाकीट पोचलं?”

“पोचलं.”

“मग?”

“मग काय. तिची पद्धत आहे. सापडेल ते परत करायचं, वाचायचं नाही.”

आई आवाज खाली आणून म्हणाली, “पाकीट भरलं त्या दिवशी घरभर पेन्सिल शोधत होती बाबा. अंबाड्यातच होती, पण भान कुठं होतं तिला. जेवलीही नाही नीट.”

फोन ठेवला आणि फ्रीजवरून पाकीट काढलं. उभ्या उभ्याच फाडलं. आत तोच कागद, मथळा, दोन परिच्छेद, तिरपं वाक्य. ते वाक्य तिनं तसंच ठेवलं होतं. यादीत तिसऱ्या मुद्द्यातला ‘तीन’ पेन्सिलीनं खोडून वर ‘चार’ लिहिलं होतं. मी दिवस मोजले. चारच होते. माफी मागतानाही मी एक दिवस मारला होता, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. आणि सहाव्या मुद्द्याखाली, माझ्या सुरेख बसलेल्या यादीत जागा नसताना दाटीवाटीनं, ताईच्या अक्षरात सातवा होता :

७. अजून आलेला नाही.

माझ्यातला गाढव असा की मला पहिल्यांदा दिसलं ते हे की, सातव्यामुळे खालचा समास बिघडलाय. मग कागद दिसेनासा झाला. मी फ्रीजला टेकून लहान मुलासारखा रडलो. बायको आली, कागद वाचला, आणि माझी पिशवी काढून दारापाशी ठेवली.

निघताना फोनवर पत्र आलं. कबुतरवाले. ‘नव्या आवृत्तीत साइडबार पुन्हा घसरतोय. तातडीचं आहे.’ मी दारातच उत्तर लिहिलं, ‘घसरू दे,’ आणि फोन खिशात घातला. अकरा वर्षांत जावयाला दिलेलं ते पहिलं खरं उत्तर.

पोचेपर्यंत दुपार झाली. बेल वाजवली. ताईनं दार उघडलं. दातांत दोऱ्याचं टोक, बोटांना खळ. तिनं आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे.

“लॅपटॉप?”

“नाही आणला.”

तिनं तोंडातला दोरा काढला. आतून आईचा आवाज आला, कोण आहे गं? ताईनं हात पुढे केला. “तो कागद आणलायस?”

मी खिशातून काढून दिला. ताईनं तो दाराच्या चौकटीवर टेकवला, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि सातव्या मुद्द्यावर एक आडवी रेघ मारली. मग घडी घालून कागद माझ्या खिशात परत ठेवला आणि आत जायला वळली.

“ये,” ती म्हणाली. “बाकीचे सहा राहू देत.”